सफारीचे तिकीट आणि मसाईंची जमीन

टांझानियातील सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो ही नावे आता आपल्याकडच्या पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींतही दिसतात. सिंह, हत्ती, विल्डबीस्टचे कळप यांचे फोटो आणि सोबत 'जबाबदार पर्यटन' हे शब्द. ही जबाबदारी कोणाप्रति, हे मात्र लिहिलेले नसते.

ब्रिटिश राजवटीने १९५९ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून मसाई पशुपालकांना बाहेर काढले. बदल्यात शेजारच्या न्गोरोंगोरोत माणूस आणि वन्यजीव एकत्र राहतील, असे ठरले. सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश १९७९ मध्ये जागतिक वारसा ठरला. त्याआधीच, १९७५ मध्ये, तेथे शेतीवर बंदी आली होती.

जून २०२२ मध्ये जवळच्या लोलिओंडोत सरकारने १,५०० चौरस किलोमीटर चराऊ जमीन संरक्षित म्हणून आखून घेतली. विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, अनेक मसाई जखमी झाले. एका पोलिसाचाही मृत्यू झाला. कित्येक कुटुंबे केनियात पळाली. त्याच वर्षी न्गोरोंगोरोतील लोकांना सुमारे ६०० किलोमीटर दूरच्या म्सोमेरा गावी हलवणे सुरू झाले. सरकार याला 'स्वेच्छा पुनर्वसन' म्हणते. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मसाई न्गोरोंगोरोच्या रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या गावांची नोंदच रद्द करण्याचा आदेश निघाला होता. अरुषाच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. स्वेच्छा असती, तर रस्ता अडवायची वेळ का आली असती?

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. १९५९ मध्ये येथे जेमतेम आठ हजार माणसे होती, आज एक लाखाच्या आसपास आहेत. गुरेही वाढली. जमिनीवर ताण आहे, हे खरे. पण ताण मोजताना गुरे मोजायची आणि ज्वालामुखी विवराच्या काठावरचे आलिशान लॉज व पर्यटकांच्या गाड्या सोडून द्यायच्या, याला शास्त्र म्हणता येत नाही. तो सत्तेचा निर्णय आहे.

दुसरा मार्ग आहे. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून गावसमूहांना वन्यजीव आणि पर्यटनावर हक्क दिला. आज तेथे ऐंशीहून अधिक सामुदायिक संरक्षण क्षेत्रे आहेत. तेथेही अडचणी आहेत, पण माणूस हा जंगलाचा शत्रू, हे गृहीतक त्यांनी सोडले.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. व्याघ्र प्रकल्पांतून गावे उठवताना आपल्याकडेही 'स्वेच्छा' हाच शब्द वापरला जातो. २००६ चा वनहक्क कायदा मात्र आधी हक्कांची नोंद आणि ग्रामसभेची संमती मागतो. तो कागदावर राहू नये, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

म्हणून आफ्रिकेत असो वा विदर्भात, सफारीला जाताना तीन प्रश्न विचारा: ही जमीन कोणाची होती? पैसा कोणाकडे जातो? निर्णय घेताना तिथले लोक होते का? उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या पर्यटनाला जबाबदार म्हणू नका.