जुलैतली सुरमई

पावसाळ्यात आंबोलीला आलेला पाहुणा निथळत्या कपड्यांनिशी खानावळीत शिरतो आणि पहिलं विचारतो, "सुरमई आहे?" अहो, आपण समुद्रकाठी नाही, जवळपास ७०० मीटर उंचीवर बसलोय, आणि जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तरी सुरमई ताटात येतेच. किती दिवस बर्फात होती, ते मी विचारत नाही. गाव घाटमाथ्यावरचं, म्हणून एकाच फळ्यावर कोल्हापुरी तांबडा रस्सा आणि मालवणी कोंबडी-वडे शेजारी नांदतात. मला विचाराल तर वडे घ्या, पण कढईतून थेट ताटात येत असतील तरच. गार वडा म्हणजे चामडं. धबधब्याजवळची कांदाभजी झकास लागते, त्यातलं निम्मं श्रेय थंडीचं. मॅगीबद्दल मी बोलणार नाही. खरी चव फळ्यावर लिहिलेलीच नसते: कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, सोबत भाजलेला सुका बांगडा. हे घरच्यांसाठी शिजतं. खायचं असेल तर धबधब्याकडे जातानाच गल्ल्यावरच्या वहिनींना सांगून ठेवा. उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो.