घाट उतरताना

खोपोलीहून खंडाळ्याकडे निघालेला सायकलस्वार घामाघूम होतो, त्याला धाप लागते. म्हणून चढण ती कठीण आणि उतार तो सोपा, अशी बहुतेकांची समजूत असते. १८३० साली गाड्यांसाठी खुला झालेला बोरघाट मुंबई-पुणे सायकल शर्यतीत जो सर्वांच्या आधी चढून जातो, त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवितात. हा गौरव योग्यच आहे. परंतु घाटाची खरी परीक्षा उतरणीवर होते. चढताना थकलेला मनुष्य फार तर थांबतो. उतरताना चुकलेल्याला नेमके थांबताच येत नाही!

खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम ६०-७० मीटर, तर लोणावळा ६०० मीटरांहूनही उंच. इतक्या उंचीवरून येणाऱ्या वाहनाचा वेग आपोआप वाढतो आणि तो दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंत चौपट अंतर लागते. सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात व त्यांची पकड सुटू लागते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये जाणते चालक तो उतरतात. वाहन आवरण्याचे पुष्कळसे काम मग इंजिनच करते. इंधन वाचावे म्हणून उतारावर इंजिन बंद करणारेही लोक आहेत. याला काटकसर कोण म्हणेल? इंजिनाचा आधार तर जातोच, शिवाय पुष्कळ मोटारींचे ब्रेकही त्यामुळे जड होतात.

सायकलला असा आधार मुळातच नाही. तिचा वेग वळणापूर्वीच कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे. दोन्ही ब्रेक मिळून लावावे. पुढचाच एकदम आवळला, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. पावसाळ्यात रिम ओली असली, की ब्रेक उशिरा धरतो, आणि घाटात तर पुढचे वळणही दिसू नये असे धुके उतरते. अशा वेळी सायकल हाती धरून चालण्यात लाज कसली?

अरुंद घाटरस्त्यावर वरची व खालची वाहने समोरासमोर आली, तर कोणी थांबावे? उतरणाऱ्याने बाजूस थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असे आपल्या देशातील वाहतुकीचे नियम सांगतात. हे न्याय्यच आहे. चढावर अडलेली भरली मालमोटार पुन्हा हलविणे महाकठीण. ती मागे घसरण्याचेही भय असते.

मग घाटाची शोभा पाहूच नये काय? अवश्य पाहावी. पावसाळ्यातील धबधबे, दरीपलीकडचे राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे बालेकिल्ले डोळे भरून पाहण्याजोगेच आहेत. मात्र धावत्या वाहनातून मान वळवून नव्हे, तर वळणापासून दूर, रस्ता सोडून उभे राहून. याच घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे ते स्थान, अशी आख्यायिका सांगतात. अनेक चालक तेथे नमस्कारासाठी थांबतात. चालत्या गाडीतूनच नाणे टाकून पुढे जाणारेही आहेत. पण जे थांबतात, त्यांच्या गाडीचे तापलेले ब्रेक तेवढ्या वेळात थोडे निवतात.