चार सेलांची करमणूक

दिवाळीच्या आधी माळा आवरायचा, हा आमच्या घरचा जुना नेम. माळ्यावर काय काय आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. त्यातले काय टाकून द्यावे याबद्दल मात्र प्रत्येकाचे मत ठाम असते. गेल्या वर्षी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, तुटक्या कंपासपेटीच्या सोबतीला, एक करड्या रंगाचे ठोकळ्यासारखे यंत्र निघाले. सौ. म्हणाली, "हे आता भंगारात द्या." सुट्टीला चार दिवस आधीच येऊन दाखल झालेली दहा वर्षांची नात म्हणाली, "आजी, थांब! हे काय आहे?" आणि डबा भंगारात जायचा राहिला.

ते होते निन्टेन्डो कंपनीचे 'गेम बॉय'. 1994 च्या दिवाळीत आमचे मेहुणे अमेरिकेहून आले, तेव्हा त्यांनी ते भाच्यासाठी आणले होते. हातात मावणारे, चार पेन्सिल सेलांवर चालणारे. प्रत्येक खेळाची कॅसेट वेगळी. जाणकार तिला कार्ट्रिज म्हणतात, पण आमच्या चाळीत त्या काळी गाण्यांची तीही कॅसेट आणि खेळाची तीही कॅसेटच.

नातीने नवे सेल घालून बटण सरकवले, आणि तिचा चेहरा पडला. "आजोबा, यात रंगच नाहीत?"

नाहीत. हिरवट काच आणि तिच्यावर करड्या रंगाच्या चार छटा, एवढेच भांडवल. काचेला स्वतःचा उजेडही नाही. खिडकीपाशी किंवा दिव्याखाली बसल्याशिवाय काही दिसत नाही. पण ही गरिबी मुद्दाम पत्करलेली होती, आणि त्यातच या यंत्राची सगळी गंमत आहे.

निन्टेन्डो ही मूळची पत्ते छापणारी कंपनी. 1889 साली जपानात क्योतो शहरी ती निघाली. तिथे पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी 1965 साली गुनपेई योकोई नावाचा तरुण नोकरीला लागला. पुढे हा गृहस्थ कंपनीसाठी खेळणी बनवू लागला. त्याचे एक सूत्र होते : नव्या, महागड्या तंत्राच्या मागे धावू नये, जे तंत्र जुने, स्वस्त आणि अंगवळणी पडलेले आहे, त्याचाच कोणाला न सुचलेला उपयोग करावा. एप्रिल 1989 मध्ये गेम बॉय बाजारात आले ते याच सूत्राने. प्रतिस्पर्ध्यांची रंगीत यंत्रेही लवकरच आली. दिसायला झोकदार; पण सहा सेल घ्यायची आणि काही तासांत त्यांचा फन्ना उडवायची. गेम बॉय चार सेलांत त्यांच्या कितीतरी पट चालायचे. शेवटी बाजी मारली ती या करड्या ठोकळ्याने. पुढे निघालेला त्याचा रंगीत धाकटा भाऊ धरून जगभर साडेअकरा कोटींहून अधिक यंत्रे खपली.

आता तुम्ही म्हणाल, आज घरोघरी, खिशोखिशी फोन असताना हे जुनेपुराणे यंत्र कोणी घ्यावे? मी फोनच्या विरुद्ध नाही. पण नातीच्या आईचा फोन हातात घेऊन मी तिचे दोन-चार खेळ पाहिले. खेळ फुकट, मात्र दर दोन मिनिटांनी जाहिरात, दर पाच मिनिटांनी 'नाणी विकत घ्या' म्हणून आर्जव, आणि दुसऱ्या दिवशी आला नाहीत तर रुसवा. त्या खेळांना शेवटच नाही, कारण शेवट केला तर गिऱ्हाईक उठून जाईल! म्हणून मी खेळाला तीन कसोट्या लावतो. नियम पाच मिनिटांत कळावेत. पाने वाढल्यावर हाक आली की तो खाली ठेवता यावा. आणि त्याला शेवट असावा. शेवट नसेल, तर निदान हार तरी स्वच्छ असावी. माळ्यावरच्या डब्यात आणि मेहुण्यांच्या पुढच्या खेपांत जमलेल्या कॅसेटींतून या कसोट्यांना उतरलेले खेळ वाचकांपुढे ठेवतो.

पहिला मान 'टेट्रिस'चा. हा खेळ मॉस्कोतला. अलेक्सेई पाझितनोव यांनी 1984 साली तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तो रचला. गेम बॉयवर तो आणण्याचे हक्क मिळवण्यासाठी हेंक रॉजर्स नावाचे व्यापारी 1989 साली स्वतः मॉस्कोला जाऊन थडकले होते. चार चौकोन जोडून होणाऱ्या सात आकृती वरून एकेक करून खाली येतात. त्या फिरवून, सरकवून अशा बसवायच्या की आडवी ओळ भरेल. भरलेली ओळ नाहीशी होते. भोके राहिली की ढीग वर चढतो आणि काचेच्या माथ्याला टेकला की खेळ खलास.

सौ.ने आयुष्यात कधी असला खेळ हातात धरला नव्हता. पहिल्या दिवशी नातीने तिला बळेच बसवले. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन बसली. तिसऱ्या दिवशी मला सांगण्यात आले की, "यात विशेष ते काय? फराळाचे डबे फडताळात बसवायचे तसेच आहे." लांबट दांडी हवी असताना नेमकी येत नाही, तेव्हा तिने काढलेले उद्गार मात्र मी बसथांब्यावर पुष्कळदा ऐकलेले आहेत. या खेळाची एक गोष्ट सांगून ठेवतो : गेम बॉयवरच्या टेट्रिसमध्ये यंत्र बंद केले की गुणांची नोंद पुसली जाते. आदल्या दिवशीचा पराक्रम सांगायला पुरावा उरत नाही. घरातल्या शांततेच्या दृष्टीने ही सोय फार चांगली.

लहान मुलांसाठी 'कर्बीज ड्रीम लँड' (1992). मासाहिरो साकुराई यांनी तो नवशिक्यांसाठीच बेतला. एक गोल गरगरीत बाळ शत्रूंना श्वासासरशी गिळते आणि तोंडात हवा भरून उडते. अवघे पाच टप्पे. सहा वर्षांच्या मुलालाही जमावा. याहून थोडा अवघड 'सुपर मारियो लँड' (1989); उड्या मारीत जायचे बारा टप्पे, एका बैठकीत संपणारा. डोके चालवणाऱ्या मुलांना 'डाँकी काँग' (1994) द्या. सुरुवातीला 1981 च्या जुन्या खेळातले चारच टप्पे दिसतात आणि वाटते, संपला की! मग पडदा उघडतो आणि आणखी नव्वदाहून अधिक कोडी समोर येतात. किल्ली उचलून दारापर्यंत न्यायची, एवढेच काम. पण वाट शोधताना मोठ्यांचीही भंबेरी उडते.

भावंडे असतील तर 'पोकेमॉन'. जपानात तो 1996 साली आला. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता, त्यातून हा खेळ सुचला. खुबी अशी की कॅसेटी दोन तऱ्हेच्या आणि काही प्राणी एकीत सापडतात, तर काही दुसरीत. सगळे हवे असतील तर दुसऱ्या मुलाचे यंत्र तारेने आपल्या यंत्राला जोडून अदलाबदल करावी लागते. मात्र या कॅसेटीत एकाच खेळाडूची नोंद राहते. धाकट्याने नवा डाव सुरू करून जपून ठेवला की थोरल्याची महिनोन्‌महिन्यांची कमाई गेली. म्हणून आधीच ठरवा कॅसेट कोणाची, नाहीतर भाऊबीज कठीण जाईल.

आता ज्या खेळासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळतो. त्याचे नाव 'लिंक्स अवेकनिंग', साल 1993. वादळात जहाज फुटून एक मुलगा अनोळखी बेटावर येऊन पडतो. बेटाच्या डोंगरावर एक प्रचंड अंडे आहे आणि त्यात एक मासा निजलेला आहे. आठ वाद्ये मिळवून त्याला जागे केले, तरच बेटावरून सुटका. वाटेत देवाणघेवाणीची मोठी साखळी आहे. रिबन देऊन खाऊचा डबा, डबा देऊन केळी, आणि केळी दिली की माकडे मिळून पूल बांधून देतात. "आजोबा, रामायणातल्यासारखं!" नात ओरडली. शेवट मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की, ज्या बेटावरून सुटायचे ते सोडताना मोठ्या माणसालाही जड जाते.

या कॅसेटीत तीन खेळाडूंच्या नोंदी राहतात. आतल्या बारीक बॅटरीने तीस वर्षे दम धरला होता. नातीने पहिली नोंद उघडली आणि गावात शिरून समोरच्या माणसाशी बोलायला गेली. त्याने तिला इंग्रजीत 'चोर' म्हणून हाक मारली. दुसऱ्याकडे गेली, त्यानेही तेच. "बाबांनी स्वतःचं नाव चोर ठेवलं होतं?" नात हसू लागली. मला मात्र हसू येईना.

त्याचे कारण 1994 च्याच दिवाळीतले. मेहुण्यांनी यंत्रासोबत आणलेले सेल वसुबारसेपासून धनत्रयोदशीपर्यंत टिकले. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी गजर झाला नाही. शेजाऱ्यांच्या फटाक्यांनी जाग आली, तो बाहेर लख्ख उजाडलेले, अभ्यंगस्नान हुकले. भिंतीवरचे घड्याळ पावणेचारावर थांबलेले, ट्रान्झिस्टर मुका. गजराच्या घड्याळातला एक, भिंतीवरच्यातला एक आणि ट्रान्झिस्टरमधले दोन, असे चार सेल चिरंजीवांच्या यंत्रात मिळाले. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, मेहुण्यांच्या देखत, मी त्या दहा वर्षांच्या मुलाला 'चोर' म्हणालो. एकदा नव्हे, तीन-चारदा. त्याने मान खाली घालून सेल काढून दिले. त्यानंतर या गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही, आणि मी समजलो की तो विसरला.

त्या रात्री मी बंगळूरला फोन लावला. चिरंजीव हसले. "बाबा, ते चतुर्दशीच्याच रात्रीचं. मामांनी सेल आणून दिले होते. तुम्ही चोर म्हणालात ना, म्हटलं, एकदा होऊनच बघू."

त्या बेटावरच्या गावात एक दुकान आहे. धनुष्याची किंमत 980 रुपये. खेळातल्या नाण्याचे नावच तसे आहे. दुकानदाराची पाठ वळली की वस्तू उचलून दाराबाहेर सटकता येते. खेळ अडवत नाही, रागावतही नाही. फुकट मिळाले, आता अभिमान वाटतो का, एवढेच विचारतो. आणि त्या क्षणापासून जो भेटेल तो तुम्हाला 'चोर' म्हणूनच हाक मारतो. नाव पुन्हा मिळत नाही. पुन्हा दुकानात पाऊल टाकलेत, तर दुकानदार प्राण घेतो.

"मग?" मी विचारले.

"मग काय! दोन दिवस तसाच खेळलो. मजा येईना. दुसऱ्या जागी पहिल्यापासून सुरू केला. 980 साठवले." थोडे थांबून तो म्हणाला, "घड्याळातले सेल घ्यायला नको होते, बाबा. पण त्या दिवशी मी मागितले असते, तर तुम्ही दिले असते का?"

मी दिले नसते. तसे मी त्याला सांगितले, आणि तीस वर्षांपूर्वी जे म्हणायचे राहिले होते तेही म्हणालो. फोनवर ते सोपे गेले.

दुसरी नोंद आम्ही दुसऱ्या दिवशी उघडली. तिच्यात त्याचे स्वतःचे नाव होते, आणि झोळीत धनुष्य.

ज्या वाचकांच्या माळ्यावर असे यंत्र असेल, त्यांच्यासाठी चार सूचना. ठेवून देताना सेल आधी काढा. गळलेले सेल पितळी पट्ट्या खाऊन टाकतात. कॅसेट चालेना तर तिच्यात फुंकर मारू नका, ओल जाते. स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने तोंड पुसा. जुन्या बाजारात घेताना जपा, पोकेमॉनच्या नकली कॅसेटी पुष्कळ आहेत. आणि डाव जपणाऱ्या कॅसेटीतली बॅटरी कधीतरी दगा देणारच. खेळ चालतो, नोंद राहत नाही. डाग देऊन नवी बसवता येते, पण साधारणतः जुनी काढताच आतल्या नोंदी पुसल्या जातात. त्या आधी संगणकावर उतरवून घेण्याचे उपकरण मिळते, ते जाणकाराकडून वापरून घ्यावे. चिरंजीवांनी तसे करू म्हटले आहे. तोवर आमची कॅसेट आम्ही उघडलेली नाही.

तिसरी जागा रिकामी होती. तिथे आता नातीचे नाव आहे. तिच्याजवळ 600 रुपये साठले आहेत आणि 980 होण्याची ती वाट पाहते आहे. चोरी करता येते हे तिला ठाऊक आहे. तिने करून पाहिली, तर मी काही बोलणार नाही.

यंदाही ती दिवाळीला येणार आहे. पेन्सिल सेलांची दोन पाकिटे मी तिच्यासाठी आताच आणून टेबलावर ठेवली आहेत. भिंतीवरचे घड्याळ चालू आहे.