गोधडीत शिजलेल्या कण्या

मुलांनो, एप्रिल लागला की आपल्या हिंगोलीकडं पत्र्याखालचं स्वयंपाकघर म्हणजे भट्टीच! पारा चाळिशी ओलांडतो. त्यात कुणाकडं हळदीची शिजवणी, कुणाकडं वाळवणी चालू. गेल्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातली चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, माय वावरातून येते अन् तशीच चुलीपुढं बसते. मग तिला घासच जात नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

परदेशात यासाठी एक विजेचं भांडं मिळतं, स्लो कुकर. मंद आचेवर सहा-आठ तासांत जेवण आपोआप शिजतं. आयर्विंग नॅक्सन यांना असं भांडं बनवल्याबद्दल अमेरिकेत १९४० साली पेटंट मिळालं. कल्पना कुठून सुचली, माहीत आहे? आईनं सांगितलेल्या गोष्टीतून! लिथुआनियात तिच्या लहानपणी शुक्रवारी संध्याकाळी ज्यू घरांतली भांडी गावच्या बेकरीत नेऊन ठेवत. शनिवारी त्यांच्यात विस्तव पेटवत नाहीत. भट्टीच्या उरलेल्या धगीवर रात्रभर जेवण शिजत राही.

म्हणजे आपल्या चुलीचा वैलच की! आणि कढईत हळद शिजवताना वर गोणपाट का टाकतात, सांगा बरं? वाफ कोंडून राहावी म्हणून. पाणी एकदा खळखळ उकळलं की खाली कितीही लाकडं सारा, ते आणखी तापत नाही. जास्तीचा जाळ नुसता वाफ होऊन उडतो. मग उकळी आल्यावर ती ऊबच धरून ठेवली तर? १८६७ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात नॉर्वेच्या लोकांनी अशी पेटीच मांडली होती. ना वीज, ना विस्तव.

आपल्याला पेटी विकत आणायची नाही. एक मोठं खोकं किंवा टोपलं घ्या. तळाला आणि कडेनं वीतभर जाडीचं वाळलेलं गवत दाबून भरा, मधे पातेल्यापुरती जागा ठेवा. वर झाकायला जुनी गोधडी.

आता जिन्नस. पाच-सहा माणसांना तीन वाट्या ज्वारीच्या कण्या धुऊन तासभर भिजत घाला. संध्याकाळी पाचच्या सुमारास बारा वाट्या पाण्याला मीठ घालून उकळी आणा, कण्या सोडा आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून हलवत दहा मिनिटं उकळू द्या. हे काम आजीनं किंवा थोरल्या ताईनं करायचं. छोट्यांनी लांब बसून मिनिटं मोजायची. पातेलं जड बुडाचं आणि जवळजवळ भरेल एवढंच घ्या, अर्धं रिकामं पातेलं लवकर निवतं. घट्ट झाकण लावून लगेच पेटीत ठेवा, गोधडी गुंडाळा अन् खुशाल खेळायला जा. पण आधी चुलीतला विस्तव पाणी मारून पुरता विझवा, गवत जवळ आहे!

सातपर्यंत पेटी उघडायची नाही. मी पहिल्या दिवशी चारदा झाकण काढून पाहिलं. दर वेळी भसकन वाफ गेली आणि रात्री कण्या दाताखाली कचकचल्या. घरच्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या, पण माझ्या मुलानं "आई, खडे निवडले नव्हते का?" असं विचारलंच.

शिजलेल्या कण्या पसरट भांड्यात काढून निवू द्या. मग त्यात माठाजवळ ठेवलेलं गार ताक, जिरेपूड, बारीक चिरलेला कांदा आणि कैरीच्या फोडी. लसणाची फोडणी आवडत असेल तर द्या, मला मात्र बिनफोडणीच्याच आवडतात.

पालकहो, एक सांगते. पेटीत भांडं तीन तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि उरलेल्या कण्या सकाळसाठी राखू नका. उन्हाळ्यात कोमट अन्न फार लवकर नासतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती मुलगी पहिल्याच दिवशी टेबलापाशी आली. "बाई, माय दोन वाट्या जेवली," म्हणाली. मग आवाज बारीक करून, "पण गोधडीवर कण्या सांडल्या, त्याची बोलणी मी खाल्ली."