पेशव्यांचे घर आणि त्याचे चरित्र

घराण्याचे चरित्र म्हणजे त्यातील कर्त्या पुरुषांची चरित्रे एकापुढे एक मांडणे नव्हे, ही गोष्ट मराठी चरित्रलेखनाने अद्याप पुरती मनावर घेतलेली नाही. श्रीवर्धनच्या भट घराण्यातील, म्हणजेच पेशव्यांच्या घरातील, पुरुषांना चरित्रकार लाभले, कादंबरीकार तर उदंड लाभले. परंतु एका घरात सत्ता कशी मुरत गेली, हा प्रश्न या पराक्रमवर्णनांत बहुधा मागेच राहतो. यंदाचा अंक राजकीय घराण्यांच्या चरित्रांना वाहिलेला असल्याने या प्रश्नाचा विचार आरंभीच करणे उचित ठरेल.

पेशवेपद हे मुळात वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क, नव्हते. ती छत्रपतींनी केलेली नेमणूक होती आणि भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्यापूर्वी ती पिंगळ्यांकडेही होती. 1720 साली शाहू महाराजांनी बाळाजींचे पुत्र, एकोणीस वर्षांचे बाजीराव, यांना वस्त्रे, म्हणजे नेमणुकीचा मानाचा पोशाख, दिली तेव्हा दरबारातील जाणत्यांनी नाके मुरडली. 1740 मध्ये बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांच्या वेळी नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाईक बारामतीकरांचे नाव पुढे केले. 1774 साली मात्र पुरंदरावर जन्मलेल्या अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांच्या नावे वस्त्रे आली, कारण एव्हाना जन्म हीच पात्रता ठरली होती.

बाबूजी नाईक हे पेशव्यांचे नातलग तसेच सावकारही होते, ही बाब चरित्रकाराने नजरेआड करू नये. बाजीरावांच्या दौडीचे गोडवे गाणाऱ्यांनी गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली बाजीरावांची पत्रेही वाचावीत. मोहिमांपायी डोईवर चढलेल्या कर्जाने आणि सावकारांच्या तगाद्याने गांजलेला माणूस तेथे भेटतो. पदाबरोबर देणेही पुढच्या पिढ्यांकडे आले, आणि 1772 साली नानासाहेबांचे पुत्र थोरले माधवराव यांनी अखेरच्या आजारात केलेल्या नऊ कलमांच्या यादीतही कर्जफेडीची चिंता आहे. रणांगणावरील शौर्याइतकीच ही वहीखात्यांतील ओढाताण घराण्याचे खरे रूप दाखवते.

घरचे कोण, हेही तपासावे लागते. बाजीराव आणि मस्तानी यांचे पुत्र समशेरबहाद्दर पेशव्यांच्या बाजूने पानिपतावर लढले आणि तेथील जखमांनी वारले, तरी पदाच्या वारसांत त्यांना स्थान नव्हते. थोरल्या माधवरावांचे धाकटे बंधू व पेशवे नारायणराव यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोष त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्यावर ठेवला, पण लोककथेने तो पत्रातील एका अक्षराच्या फेरफारासह रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या माथी मारला. पुरुषांच्या चरित्रात स्त्रिया अशा वेळी बऱ्या हाताशी सापडतात! उलट नातवाला, म्हणजे सवाई माधवरावांना, दिनचर्येपासून वर्तनापर्यंत लेखी उपदेश करणाऱ्या गोपिकाबाई मात्र तळटीपेत उरतात.

गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झालेले असताना आता दंतकथेवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. अंकातील लेख निवडताना कागदपत्रांचा आधार ही पहिली अट ठेवली आहे. ती कोठे सैल झाली असेल, तर वाचकांनी परखडपणे कळवावे.