सिग्नलला गाडी थरथरते: दोष ई-२० पेट्रोलचा की गाडीचा?

नाशिकच्या द्वारका चौकात अडकलात की गाडीची खरी तब्येत कळते. गाडी न्यूट्रलला, पाय ब्रेकवर, आणि स्टिअरिंग थरथरतंय, आतला आरसा हलतोय. जरा रेस केली की सगळं शांत.

ऑगस्ट २०२५ मध्ये सोशल मीडियावर ई-२० पेट्रोलविरुद्ध तक्रारींचा पूर आला. तेव्हापासून या थरथरीचंही एकच उत्तर तयार असतं, "पेट्रोलमध्ये इथेनॉल घातलंय ना!" हे उत्तर पूर्ण खोटं नाही. पण त्याच्या भरवशावर बसलात तर खरा बिघाड तसाच राहतो.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हे उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, सरकारने ते २०२५ वर आणलं. साध्या पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवा, अशी मागणी करणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. मायलेज घटतं हे तर नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. ई-१० साठी ट्यून केलेल्या चारचाकीत ही घट ६ ते ७ टक्के धरली होती. पण मायलेज घटणं वेगळं आणि गाडी थरथरणं वेगळं.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. त्यामुळे ई-१० वरून ई-२० वर आल्यावर तेवढ्याच हवेसाठी इंजिनाला साधारण ४ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे आपोआप करते, तुम्हाला कळतही नाही. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला ते जमत नाही. निफाडच्या थंडीत सकाळी ती आणखी कुरकुरते, कारण इथेनॉलची वाफ थंडीत सहज होत नाही.

खरी गोम मधल्या गाड्यांची आहे. समजा हवेचा एखादा पाइप आधीच चिरलाय, किंवा इंजेक्टर कचऱ्याने अर्धवट बंद झालाय. इंजिनचा कॉम्प्युटर आतापर्यंत ते सांभाळून घेत होता. त्यात या ४ टक्क्यांची भर पडली की त्याची मर्यादा संपते आणि लपलेला बिघाड वर येतो. अशा वेळी ई-२० ला शिव्या घालणाराही थोडा बरोबर असतो आणि "गाडीच खराब आहे" म्हणणारा मेकॅनिकही.

म्हणून पार्ट बदलण्याआधी आरपीएमचा काटा बघा. काटा स्थिर आहे, पण बॉडी हलतेय? मग संशय इंजिन फाउंडेशनवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं त्यावर. त्याचा पेट्रोलशी संबंध नाही. (अल्टो के-१०, टियागो अशा तीन सिलिंडरच्या गाड्यांत थोडी थरथर जन्मजातच असते, हेही लक्षात ठेवा.) काटा वर-खाली झुलतोय? थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थर किंवा कुठूनतरी ओढली जाणारी हवा. ठरावीक तालात झटके बसतायत? ते मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोटच नीट होत नाही.

मिसिंग असेल तर स्कॅनर लावायला सांगा. पी०३०२ कोड आला तर दोष दुसऱ्या सिलिंडरमध्ये. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला लावून बघायची. आता पी०३०३ आला तर कॉइलच गेली. कोड हलला नाही तर प्लग, मग इंजेक्टर. ही अदलाबदल पाच-दहा मिनिटांत होते, तरी अनेक ठिकाणी चारही कॉइल एकदम बदलण्याचा सल्ला मिळतो.

इंधनावर संशय कधी घ्यायचा? पेट्रोल भरल्या-भरल्या त्रास सुरू झाला, आणि पी०३०० म्हणजे एका ठरावीक नव्हे तर अनेक सिलिंडरमध्ये होणारं मिसिंग किंवा पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, असे कोड आले तर. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल ते शोषतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. पंप तिथूनच इंधन ओढतो. अर्थात पाण्याला इथेनॉल लागतंच असं नाही. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या बंद पडल्या, त्या डिझेलमधल्या पाण्याने.

असा संशय आला तर टाकी लगेच रिकामी करू नका. आधी पंपाची पावती आणि स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो जपून ठेवा, आणि टाकीतलं थोडं पेट्रोल मेकॅनिककडून स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून घ्या. थोड्या वेळाने तळाशी वेगळा थर दिसला, तर पंपावर तक्रार करताना तुमच्या हातात पुरावा असेल.