शस्त्रक्रियेंतील रक्तस्राव

हृदयावर शस्त्रक्रिया करण्याचें ठरलें कीं घरांतील वडील मंडळी प्रथम रक्ताची चौकशी करतात: किती जाईल, किती बाटल्या लागतील, कोणी द्यावें? ही काळजी रास्तच आहे. हृदयाचें काम यंत्राकडे सोंपवितांना रक्त यंत्रांत गोठूं नये म्हणून हेपॅरिन मुद्दाम टोंचावें लागतें, आणि काम आटोपतांच प्रोटामीननें त्याचा प्रभाव उतरवावा लागतो. शिवाय छातीचें हाड उभें चिरलेलें असतें. हाडाच्या कडांस मेण चोळून रक्त अडविण्याची युक्ति १८९२ सालीं लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्ले यांनीं प्रसिद्ध केली. पण तें मेण हाडांत तसेंच राहतें व सांधा जुळण्याच्या आड येतें, म्हणून जपूनच वापरतात.

आम्हांस मुख्यतः सांगावयाचें आहे तें शिरेंतून देण्याच्या औषधांविषयीं. झालेली गुठळी विरघळूं न देणें हें त्यांचें काम. त्यांपैकीं ॲप्रोटिनिन गोवंशाच्या फुप्फुसांपासून काढतात (आमच्या कांहीं वाचकांस हें वाचून कसेंसेंच होईल, तूर्त तो मुद्दा नव्हे). दुसरें ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. तें जपानांतील उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्यानें १९६२ सालीं जाहीर केलें. रक्त थांबविण्यांत पहिलें सरस अशी ख्याति होती, आणि ती खोटी नव्हती. कॅनडांत अधिक धोक्याच्या २३३१ रोग्यांवर हीं दोन व तिसरें अमिनोकॅप्रोइक ॲसिड यांची तुलना झाली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेले आंकडे असे: फार मोठा रक्तस्राव ॲप्रोटिनिन घेतलेल्यांत शेंकडा ९.५, इतर दोहोंत १२.१. येथेंच वाचन थांबविलें तर निकाल लागलाच! परंतु तीस दिवसांत दगावले ते पहिल्यानें शेंकडा ६, ट्रॅनेक्झॅमिकनें ३.९, तिसऱ्यानें ४. रक्त वांचलें, पण माणसें अधिक गेलीं. प्रयोग मध्येंच थांबवावा लागला, व २००७ च्या अखेरीस त्या औषधाची विक्री बंद पडली. २०१२ सालीं युरोपांत त्याला मोजक्या शस्त्रक्रियांपुरती पुन्हां वाट देण्याची शिफारस झाली. तरी आमच्या मतें पहिला मान ट्रॅनेक्झॅमिकचाच.

तेंही निर्दोष नाहीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ४६३१ हृदयरोग्यांवरील तुलनेंत रक्तस्रावामुळें किंवा हृदयाभोंवतीं रक्त साठल्यामुळें पुन्हां छाती उघडण्याचें प्रमाण शेंकडा २.८ वरून १.४ वर आलें, मात्र झटके येण्याचें ०.१ वरून ०.७ वर गेलें. मात्रा मोठी तसें हें भय अधिक. फेंपरें लपविण्याची चाल आपल्या घरांतून अद्याप आहे. निदान या प्रसंगीं तरी, पूर्वीं एकदाही झटका आला असल्यास तो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणत्या व केव्हांपर्यंत घेतल्या तें, भूल देणाऱ्या डॉक्टरांस आधींच सांगावें.